पद्मावतीच्या हाताचा दोष

सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारा, मगदूमांच्या घरी दिवस मावळल्यावर गॅस पेटतो का म्हणून. नाही म्हणून सांगतील. भाजीवालासुद्धा सांगेल. पद्मावती मगदूमच्या स्वयंपाकघरात नेम म्हणजे नेम. चार वाजता कुकर चढायचा, पाचला ताटं, साडेपाचला भांडी धुऊन पालथी. पाणी आधी दुहेरी कापडातून गाळायचं आणि मग खळखळ उकळायचं. दळण उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन, त्याच्यावर एक दिवस नाही. वरच्या दिवशी पीठ कितीही उरलेलं असू दे, ते गाईला जायचं. घरातल्यांना कधीकधी या सगळ्याचा वैताग यायचा, पण चारचौघांत मात्र तेच ऐटीत सांगायचे की आमच्याकडं शिळं म्हणून नसतंच.

आणि नसायचंच, निदान पद्मावतीच्या माहितीप्रमाणं. दिवस मावळायच्या आधी ती स्वतः ओट्यावर आणि फ्रिज उघडून बघायची. शिजवलेलं काही राहिलं असेल तर हरणाबाईला द्या म्हणून नवऱ्याला सांगायची आणि देवघरात सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसायची, ती पाऊण तास उठायची नाही. हरणाबाई धुण्याभांड्याला यायची आणि सहाला घरी जायची. तिच्याबरोबर उरलंसुरलं जातं, असा हा शिरस्ता होता. सामायिक झालं की पद्मावती साडेसातच्या आरतीला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायची, तिथंच पुढं स्वाध्याय ऐकायची आणि नऊला घरी येऊन झोपायची.

नवरा म्हणजे शांतिनाथअण्णा. जन्मभर मार्केट यार्डात हळदीची दलाली केली, आता घरी बसून पेपर वाचायचे. सतरा वर्षांपूर्वी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता, तेव्हा या दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून रात्रीच्या जेवणाचा जन्माचा त्याग केला होता. अण्णांना बीपीचा त्रास. त्यांची आमटी पद्मावती वेगळी करायची, बिनमिठाची आणि बिनतिखटाची, अगदी पिवळी फटक. त्या आमटीला घरातलं दुसरं कुणी बोटसुद्धा लावत नसे.

मुलगा पारस मिरज रोडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. सून कीर्ती फलटणची, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. दोघं सातला घरी यायची. त्यांचं संध्याकाळचं काय, तर पाचला ऑफिसातच खाऊन घेतो म्हणायची, आणि पद्मावती मनातल्या मनात सुनेचं कौतुक करायची, की लांब फलटणची, वेगळ्या चालीरीतीची असून आपल्या घरात कशी मिसळून गेली बघा. आणि नात ब्राह्मी, सहा वर्षांची, पहिलीत. तिला पाचला मांडीवर घेऊन भरवायचं, हे पद्मावतीचं दिवसातलं सगळ्यात आवडतं काम. पोरगी मात्र चार घास खाऊन पळायची. लहान पोट ते, केवढं खाणार, असं आजी म्हणायची.

अक्षय्य तृतीयेनंतर पंधरा दिवसांनी पारस आणि ब्राह्मी दोघांना एकाच दिवशी उलट्या झाल्या. ऊन लागलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. कोकम सरबत पाजलं आणि दोन दिवसांत दोघं हिंडायला लागली.

दुसऱ्या वेळी तसं झालं नाही. ज्येष्ठ लागला होता, हवेत ऊब नुसती दाटून राहिली होती. ब्राह्मीला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, आणि दुपारपर्यंत पोरीचे डोळे आत गेले. सगळे तिला घेऊन डॉक्टर पल्लवींकडं गेले. या डॉक्टर पोरांच्या, बोलायला सरळ आणि जरा रोखठोक. त्यांनी औषध दिलं, मीठसाखरेचं पाणी घोटाघोटानं कसं पाजायचं ते दाखवलं, आणि मग वही पुढं ओढून म्हणाल्या की महिन्यात दोनदा म्हणजे हे बाहेरून आलेलं नाही, घरातच कुठंतरी चुकतंय. पाणी कुठलं, हात कधी धुता, भाज्या कशा धुता, सगळं विचारत गेल्या.

पद्मावती तर कुणी हे विचारावं म्हणूनच जन्माला आली होती. पाणी गाळण्यापासून पिठाच्या दिवसांपर्यंत तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं की शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहतं का, कारण हे जंतू वाढतात ते तिथंच. पद्मावती हसली. आमच्यात दोन तास कसले, पाचला वाढलेलं साडेपाचला संपतं, म्हणाली.

डॉक्टरांनी ब्राह्मीच्या गालाला हात लावला.

"काल रात्री काय जेवलीस गं?"

पोरीनं आईकडं बघितलं. मग आजोबांकडं बघितलं.

"आमी रात्री जेवत न्हाई," ती म्हणाली.

पद्मावतीचा ऊर भरून आला. एवढीशी पोर, पोटात कळा, आणि उत्तर काय दिलं! तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होते. पारस मोबाइल चाळत होता आणि कीर्ती पिशवीतून रुमाल शोधत होती. पद्मावतीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, पाणी चांगलं, वेळ चांगली, तर मग राहिला स्वयंपाक करणारा हात. एखाद्या माणसाच्या पोटात जंतू असतात, त्याला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या हातावाटे ते दुसऱ्याच्या ताटात जातात. यात कुणाचा गुन्हा नाही, तपासून घेऊ म्हणजे झालं. कुणाची तपासणी, ते त्यांनी सांगायची गरजच पडली नाही. त्या घरात स्वयंपाक करणारे हात एकाच बाईचे होते.

आता यापुढं जे झालं ते सांगताना माझंच तोंड कडू होतं. बासष्ट वर्षांची बाई. बाळंतपणं सोडली तर स्वतःसाठी जन्मात कधी दवाखान्याची पायरी न चढलेली. तिच्या हातात कीर्तीनं प्लास्टिकची डबी दिली, वर नावाची चिठ्ठी लावलेली. सकाळी त्या डबीत स्वतःची विष्ठा घालून, पदराखाली झाकून, ती रिक्षानं लॅबमध्ये गेली. काउंटरवरच्या मुलीनं मोठ्यानं विचारलं, "स्टूल ना?" आणि बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली. पद्मावतीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. अण्णा बाहेर रिक्षात बसून होते. येताना तिनं त्यांना विचारलं, "माझ्या हातानंच पोरगी आजारी पडली असंल का हो?" ते म्हणाले, बघू रिपोर्ट काय येतो ते.

बघू रिपोर्ट काय येतो ते! सगळं माहीत असलेला माणूस हे म्हणाला.

रिपोर्ट आला. काही निघालं नाही. पाण्याचाही आला, तोही स्वच्छ. पण एका वेळच्या तपासणीत सापडेलच असं नसतं, पुन्हा एकदा करू, तोवर काळजी घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. घरात कुणीही तोंड उघडलं नाही की आई, तुझ्यात काही नाही, सोड तो विचार. मग बाई आपणच आपल्याला शिक्षा देत सुटली. नखं इतकी खोल कापली की बोटांची टोकं दुखायला लागली. मेडिकलमधून पातळ हातमोज्यांचा खोका आणला. भाकरी काही हातमोजे घालून थापता येत नाही, पीठ चिकटतं, मोजा फाटतो. म्हणून तिनं भाकरी बंदच केली आणि लाटण्यानं चपात्या करू लागली. ब्राह्मीला मांडीवर घेऊन भरवणंही बंद केलं. ताट वाढून लांब सरकायची आणि अण्णांना म्हणायची, तुमी भरवा. पोरगी म्हणायची, आज्जी तू ये की. तर ही मोजे घातलेले हात पाठीमागं लपवायची.

आणि चौका. हे तर सगळ्यांत वर. यंदा चातुर्मासाला महाराज सांगलीत थांबणार होते. महाराज ओंजळीत घेतात त्या आहारासाठी घरोघरी शुद्ध स्वयंपाकाचा चौका लावतात. त्यातलं सगळं शोधून, निवडून, त्याच दिवशी आणि त्याच वेळेला केलेलं असतं. मगदूमांचा चौका चुकला असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं. बस्तीत बैठक झाली, कोण कुठल्या दिवशी ते बायका ठरवायला लागल्या, आणि पद्मावतीचं नाव आलं तसं तीच उठून उभी राहिली.

"यंदा मला धरू नका," ती म्हणाली. "माझ्या हाताला दोष हाय. घरातल्या पोरीला बाधला, तो महाराजांच्या ओंजळीत कुठनं घालू?"

बायकांनी यादीतल्या तिच्या नावावर काट मारली. पलीकडं पुरुषांच्या बाजूला अण्णा बसले होते. त्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला. ते तेव्हाही काही बोलले नाहीत. घरी येऊन पद्मावती देवघरात रडली, आणि आपल्या कर्माचंच काहीतरी असणार म्हणून तिनं तीन उपवास केले. त्या तीन दिवसांतसुद्धा तिनं घरच्यांचा स्वयंपाक केला, हातमोजे घालून.

आषाढातल्या एका बुधवारी शाळेतून फोन आला. ब्राह्मीनं डबा खाल्ल्यावर तासाभरात उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि नंतर जुलाब. पारसनं शाळेतूनच तिला उचलून दवाखान्यात नेलं. पोरगी मान टाकत होती, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. सलाइन लावायला शीर सापडेना, तिसऱ्या वेळी सापडली. अण्णा तसेच धावले, सकाळच्या चहावर. पद्मावती निघाली तर पारसच तिला फोनवर म्हणाला, "आई, तू नको येऊ आत्ता." का नको, ते तो बोलला नाही. तिला मात्र ते समजलं, आणि ती दारातच बसून राहिली.

दोनच्या सुमाराला कीर्तीचा फोन आला. ब्राह्मीचे कपडे सगळे खराब झालेत, आमच्या कपाटातनं दोन फ्रॉक तेवढे पाठवून द्या. तिचा आवाज रडून बसलेला होता. पद्मावती मुलगासुनेच्या खोलीत कधी जात नसे, कपाटाला तर हात लावायचा प्रश्नच नव्हता. आज गेली. फ्रॉक वरच्या कप्प्यात होते. ओढायला गेली तर पाठीमागं लोकरी शाल दिसली, कशाभोवती तरी गच्च गुंडाळलेली. आषाढात शाल कशाला बाहेर काढली म्हणून तिनं ती उचलली, तर जड लागली.

आत स्टीलचा डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं, सौ. पद्मावती शांतिनाथ मगदूम. लग्नातला डबा. तो फुटका झाला म्हणून मोडीत घातल्याचं अण्णांनी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

झाकण काढलं तसा आंबूस भपका आला. आत भात होता, आमटी होती, तोंडल्याची भाजी होती. सगळं तिनंच काल चार वाजता केलेलं. झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. आणि एका कोपऱ्यात छोटी डबी, तिच्यात अर्धवट उरलेली आमटी, पिवळी फटक.

पहिल्यांदा तिला वाटलं, हरणाबाई विसरून गेली असणार. माणसाचं मन कसं असतं बघा, आपल्या माणसाचं नाव शेवटपर्यंत घेत नाही. हरणाबाई मोरीत भांडी घासत होती. पद्मावतीनं डबा तिच्या पुढं धरला आणि विचारलं, काल सांजचं न्यायचं राहिलं का गं?

हरणाबाई डब्याकडं बघतच राहिली.

"बाई, मला दोन वर्सं झाली, सांजचं कायच मिळत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं तुमी द्यायचं बंद केलासा. म्हटलं त्यांची मर्जी, आपून कशाला विचारा."

पद्मावती मोरीच्या उंबऱ्यावर खाली बसली. दोन वर्षं. ती देवघरात डोळे मिटून बसली की नवरा स्वयंपाकघरात जायचा, गरम गरम अन्न डब्यात भरायचा, शालीत गुंडाळायचा आणि कपाटात ठेवायचा. फ्रिजमध्ये कसा ठेवणार? फ्रिज ती उघडून बघते ना. मग ती आरतीला गेली की घरातली सगळी ताटं घेऊन बसत होती. पोरगी पाचला चार घास खाऊन का पळते, तेही आता कळलं. आणि सकाळी ती अभिषेकाला गेली की पोरीचा शाळेचा डबा कीर्ती भरायची, तो त्यातल्याच उरलेल्या भाताला फोडणी देऊन. अख्खं घर एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. सहा वर्षांच्या पोरीनं डॉक्टरांना दिलेलं उत्तर तिला आठवलं, आणि त्या उत्तरावर आपण किती फुलून आलो होतो तेही. आपल्याला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं होतं.

तिनं फ्रॉक घेतले, डबा तसाच पिशवीत घातला आणि रिक्षा केली. या खेपेला तिनं डबा पदराखाली झाकला नाही.

वॉर्डात ब्राह्मी झोपली होती, हाताला नळी, ओठ सुकून पांढरे. डॉक्टर पल्लवी तिची नाडी बघत होत्या. पद्मावतीनं पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. वास वॉर्डभर गेला. कीर्तीनं तोंडावर हात घेतला. पारस उठून उभा राहिला आणि परत बसला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर, हे तपासा," पद्मावती म्हणाली. "काल चारला केलंय, साडेपाचपासनं शालीत बांधून कपाटात हुतं. सकाळी यातलाच भात पोरीनं शाळेत खाल्ला. माझा हात लय तपासून झाला."

डॉक्टरांनी डबा नाकाजवळ नेला, लगेच झाकण लावलं आणि पारसकडं वळल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. अन्न एक तर वाफाळतं ठेवायचं किंवा गार, त्या म्हणाल्या. तुम्ही ते गरम भरून, गच्च बंद करून, शालीत गुंडाळून कोंदट कपाटात ठेवलंत. ते तासन् तास कोमट राहिलं, आणि कोमटात जंतूंची पैदास होते. रात्रभर झाली. सकाळी फोडणी दिल्यानं काही जंतू मरतात, काही मरतही नाहीत, आणि त्यांनी अन्नात सोडलेलं विष तर उकळूनही जात नाही. मोठ्या माणसाला एखादी उलटी होऊन भागतं, लहान पोराच्या अंगातलं पाणी चार तासांत संपतं. त्याच डब्यातलं गार करून, उथळ भांड्यात घालून, वेळेत फ्रिजमध्ये ठेवलं असतं तर ही पोरगी आज इथं नसती. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही तिघंही समोर बसला होतात. एवढं बोलून त्या डबा घेऊन बाहेर गेल्या.

पारस म्हणाला, "आई, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."

"मला वाईट वाटू नये," पद्मावती म्हणाली. "म्हणून माझी घाण डबीत भरून तपासाय लावलासा व्हय रं?"

 कीर्ती रडत रडत बोलायला लागली. म्हणाली, दिवसभर काम करून सातला यायचं आणि सकाळपर्यंत उपाशी राहायचं, नाही निभत आई. तीन वर्षांपूर्वी यांनी विचारलं होतं तुम्हाला, आमच्यापुरतं ठेवाल का म्हणून. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, दोन दिवस जेवला नाहीत. मग पुन्हा विचारायची हिंमत कुणाची?

हे खरं होतं. पद्मावतीनं ते नाकारलं नाही. ते दोन दिवस तिला चांगले आठवत होते, आणि आपण बरोबरच केलं असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता तसं वाटेना, पण म्हणून आतली आग काही विझली नाही.

"व्हय, उपाशी ऱ्हायले," ती म्हणाली. "चुकलंच माझं. तवा भांडायचं हुतं माझ्याशी. वेगळी चूल मांडायची हुती. ह्या एवढ्याशा पोरीच्या तोंडात खोटं घालायचं न्हवतं गं. आज तिनं खरं सांगितलं असतं तर पहिल्याच खेपेला भागलं असतं."

कीर्ती आणखी रडायला लागली. अण्णा तेवढ्यात पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, तुझ्या नेमाला धक्का नको म्हणून मीच म्हटलं लपवा. पोरं उपाशी बघवेनात. त्यांच्याबरोबर दोन घास मीही..."

पद्मावतीनं त्यांच्याकडं पाहिलं. या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केला. सुनेनं फसवलं, ती परक्या घरची. मुलानं फसवलं, तो बायकोचा. पण महाराजांच्या पुढं खांद्याला खांदा लावून उभा राहिला तो हा, बस्तीत ती चौका सोडताना ऐकत बसला तो हा, लॅबच्या बाहेर रिक्षात बसून होता तोही हाच. ती पोरीच्या उशाशी जाऊन बसली आणि त्यांच्याकडं पाठ केली.

संध्याकाळी साडेसहाला ब्राह्मीनं लघवी केली. डॉक्टर म्हणाल्या, आता धोका टळला. सातला पोरीनं डोळे नीट उघडले आणि भूक लागली म्हणाली. डॉक्टर हसल्या. द्या, भाताची पातळ पेज द्या, पण ताजी, आत्ता केलेली. खाली कँटीनमध्ये वडे होते आणि दुपारचा पुलाव. पारस म्हणाला, बाहेर कुठं मिळते का बघतो. पद्मावती उठली. कुठंही बघाय नको, म्हणाली.

बाहेर दिवे लागले होते. घरी येऊन तिनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, स्वयंपाकघरातली ट्यूब लावली आणि गॅसपुढं उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं दिवेलागणीनंतर काडी ओढली नव्हती. ट्यूबभोवती पावसाळी चिलटं फिरत होती, त्यांतलं एखादं आगीवर येऊन मरेल अशी तिला धास्ती वाटली. तिनं खिडकी लावली, ट्यूब बंद केली, आणि बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या उजेडात तांदूळ धुऊन, झाकण ठेवून, पेज शिजवली. हे पाप असेल तर माझ्या खाती, असं ती स्वतःशी म्हणाली. हातमोज्यांचा खोका ओट्यावरच होता, तिनं तो केराच्या डब्यात टाकला.

दवाखान्यात पोचली तेव्हा पेज वाफाळत होती. तिनं ब्राह्मीला मांडीवर घेतलं आणि फुंकर घालून चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. पोरगी तोंड उघडता उघडता थांबली. खिडकीबाहेर काळोख होता.

"आज्जी, रात्र झालीया."

"व्हय, झालीया."

"कुणाला सांगायचं न्हाई?"

"सगळ्यांस्नी सांग," पद्मावती म्हणाली. "डॉक्टरांस्नी सांग, बस्तीत सांग, शाळंत सांग. रात्री भूक लागली आन् आज्जीनं ताजं करून भरवलं म्हणावं."

पोरगी खायला लागली. आधी हळू, मग भराभर. वाटीभर पेज संपली तरी भांड्यात बरीच उरली होती. पद्मावतीनं दोन वाट्यांत ती ओतली, एक कीर्तीपुढं सरकवली आणि एक पारसपुढं. सकाळपासनं उपाशी हायसा, गरम हाय तवर खावा, ती म्हणाली. उद्यापासनं तुमचं सांजचं वेगळं काढीन, फ्रिजात झाकून ठेवीन, उकळी आणल्याशिवाय खायाचं न्हाई. कीर्तीनं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि खाली मान घालून पेज प्यायली.

अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. सकाळच्या चहानंतर त्यांच्याही पोटात काही नव्हतं. त्यांनी भांड्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं.

"माझ्यापुरती असंल थोडी, तर..." त्यांनी हात पुढं केला.

भांड्यात अजून पळीभर पेज होती. पद्मावतीनं त्याच्यावर झाकण ठेवलं.

"आवं, दिवस मावळला," ती म्हणाली. "तुमचा नेम हाय. माझ्याशेजारी उभं राहून घेतलाय तुमी."

अण्णांनी हात मागं घेतला. पद्मावतीनं उरलेली पेज पलीकडच्या पलंगावरच्या बाईच्या पोराला दिली, ब्राह्मीचं तोंड पुसलं आणि तिला पांघरूण घातलं.